भाच्याचा हक्क

मलाकाई फेकितोआ हा रग्बीपटू टोंगात जन्मला. न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघाकडून तो २४ कसोटी सामने खेळला, २०१५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही होता. २०२३ च्या विश्वचषकात मात्र तो टोंगाची लाल जर्सी घालून मैदानात उतरला. टोंगाने त्या स्पर्धेत चारपैकी एकच सामना जिंकला, तोही रोमानियाविरुद्ध. विश्वविजेतेपदाचं पदक घरात असलेला माणूस कारकिर्दीच्या उतरणीवर अशा संघात येतो, तेव्हा दोन प्रश्न पडतात. तो का आला, हा एक. आणि तो आला म्हणून त्याला घ्यावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्याचं त्याला माहीत. दुसरा प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांचा आहे, आणि तो रग्बीपुरता नाही.

फेकितोआला परत येता आलं ते नियम बदलल्यामुळे. रग्बीत पूर्वी एकदा एका देशाच्या मुख्य संघाकडून खेळलात की जवळजवळ जन्माची गाठ पडायची. नोव्हेंबर २०२१ मध्ये जागतिक रग्बी संघटनेने ही गाठ सैल केली. तीन वर्षं आंतरराष्ट्रीय सामना खेळला नसेल, आणि स्वतःचा, आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर आयुष्यात एकदा त्या देशाकडे जाता येईल असं ठरलं. १ जानेवारी २०२२ पासून हे लागू झालं. लहान देशांना आनंद झाला. काहींनी नाकं मुरडली: देश म्हणजे काय बस आहे, एकीतून उतरून दुसरीत चढायला?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय संघाला क्लबपेक्षा वेगळं मानायचं तर त्यात काहीतरी विकत न मिळणारं असायला हवं. क्लब पैसे देऊन खेळाडू आणतो, आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. देशही तसंच करू लागला तर झेंडा, राष्ट्रगीत, छातीवर हात हे सगळं नाटक ठरेल. म्हणून प्रत्येक खेळाला 'हा खेळाडू कुणाचा' याचं काहीतरी उत्तर द्यावं लागतं. आजवर चार उत्तरं सापडली आहेत: जिथे जन्मला तिथला, ज्यांच्या पोटी जन्मला त्यांचा, जिथे राहतो तिथला, आणि कागदावर जिथला तिथला. बहुतेक खेळांचे नियम या चारांची कमी-जास्त भेसळ असतात.

मी उधव्याचा. तलासरी तालुक्यातलं हे गाव. दादरा-नगर हवेलीची हद्द जवळ, गुजरातही फार लांब नाही. इथे वाढलेल्या माणसाला त्या चार उत्तरांवर एकदम विश्वास ठेवता येत नाही. माझ्या आजीचं माहेर हवेलीतलं. तिच्या लहानपणी तो पोर्तुगालचा मुलूख होता. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. त्यानंतर सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने तिथला कारभार पाहिला, आणि ११ ऑगस्ट १९६१ ला हवेली भारतात आली. मधल्या काळात, १९६० साली मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि ठाणे जिल्ह्यातलं उंबरगाव गुजरातेत गेलं. तिथे दिलेली आतेबहीण परराज्यात राहायला गेली, ती घरातून न हलता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि आम्ही ठाण्याचे राहिलो नाही. वारली माणसं होती तिथेच होती. रेषा त्यांच्या अंगणातून इकडून तिकडे गेल्या. आजीला कुणी 'तुझा देश कोणता' असं विचारलं असतं तर तिने बहुधा पाड्याचं नाव सांगितलं असतं.

म्हणजे 'जन्म कुठे झाला' हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. जन्म तिथे होतो जिथे आई त्या दिवशी असते, आणि आई बहुधा तिथे असते जिथे काम असतं. आमच्याकडे भात झोडून झालं की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. तरुण पोरं वापी, उंबरगाव, सिल्वासाच्या कारखान्यांत पाळ्या करतात. काही तिथेच खोली घेतात, तिथेच मुलं होतात. त्या मुलांच्या दाखल्यावर गुजरात लिहिलं जातं.

सामोआ आणि टोंगाची गोष्ट हीच आहे, फक्त मध्ये समुद्र आहे. सामोआवर १९६२ पर्यंत न्यूझीलंडचा कारभार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसं हवी होती, ती या बेटांवरून गेली. सत्तरच्या दशकात मंदी आली तेव्हा व्हिसा संपलेल्यांना शोधायला पोलीस पहाटे घरांत शिरू लागले. त्या पहाटेच्या धाडींबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी १ ऑगस्ट २०२१ ला जाहीर माफी मागितली. त्याच वस्त्यांतल्या मुलांनी ऑल ब्लॅक्सची जर्सी घातली. जोना लोमू ऑकलंडमध्ये जन्मला, आई-वडील टोंगाचे. बेटांवरच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या खेळाडू पुरवले, पण ऑल ब्लॅक्स सामोआत पहिला कसोटी सामना खेळायला गेले ते थेट जुलै २०१५ मध्ये.

हे लक्षात घेतलं की वारशाच्या नियमाकडे बघण्याची नजर बदलते. सामोआच्या संघात न्यूझीलंडमध्ये जन्मलेले इतके खेळाडू कसे, असं विचारणारा एक गोष्ट विसरतो: लहान देश लहान राहण्याचं एक कारणच असं असतं की त्याची लेकरं दुसरीकडे जन्मतात. आधी माणसं कामाला ओढून न्यायची आणि मग त्यांच्या मुलांना 'तुम्ही तर इकडचे' म्हणून अडवायचं, हा दुहेरी तोटा झाला. परत येण्याची वाट उघडी ठेवणं ही मेहेरबानी नाही; जुन्या हिशोबातली थोडीशी परतफेड आहे.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड पुढे आहे, आणि ते मला आमच्या गावातच कळलं.

भातकापणीनंतर आमच्या भागात टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. 'एक गाव एक संघ' हा नियम. आधार कार्डावरचा पत्ता बघितला जातो. एका वर्षी संघ निवडायला आम्ही काही जण बसलो होतो. दोन नावांवरून गाडं अडलं. पहिला गावातल्या एका बहिणीचा मुलगा. जन्म सिल्वासाचा, राहणंही तिथलंच, कंपनीत कामाला, चेंडू असा टाकणारा की यष्टिरक्षकाच्या हाताला झिणझिण्या याव्यात. दुसरा वापीकडचा फलंदाज. त्याचा गावाशी संबंध इतकाच की कुणीतरी त्याला इथल्या एका खोलीचा पत्ता मिळवून दिला होता आणि कार्डावर आता उधवा छापलं होतं. कागदाने बघितलं तर दुसरा आमचा, पहिला परका. आणि पहिल्याला घ्यायचं तर जो पोरगा चार महिने रोज संध्याकाळी मैदानावर पाणी मारत होता, त्याची जागा जाणार होती.

बराच वेळ वाद झाला. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे काका शेवटी म्हणाले, "भाचा मामाच्या घरी हक्काने जेवतो. पण म्हणून मामाने त्याला रस्त्यातून धरून आणू नये."

त्या वेळी सगळे हसले. मला मात्र ते वाक्य नंतर पुष्कळ दिवस पुरलं. वारसा हा हक्क आहे, पण तो एकाच दिशेने चालतो. भाच्याने यावं, मागावं. त्याला नाही म्हणू नये. मामाने मात्र, भाचा मोठा झाला, नाव कमावलं, म्हणून 'हा आमचा' असा दावा ठोकू नये. खेळाडूला देशावर हक्क असतो. देशाला खेळाडूच्या रक्तावर हक्क नसतो. देशाला काही मागायचं असेल तर त्याने आधी काही दिलेलं असावं.

ही कसोटी लावून मुंबईकडे बघू. एजाझ पटेल मुंबईत जन्मला आणि आठव्या वर्षी कुटुंबाबरोबर न्यूझीलंडला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्याने भारताचे एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. कसोटीच्या इतिहासात त्याच्या आधी हे फक्त जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांनी केलं होतं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, भारतीय संघाने सह्या केलेली जर्सी दिली. माझ्या फोनवरच्या प्रत्येक गटात त्या दिवशी एकच मजकूर फिरत होता: आपला मुंबईकर. त्या सामन्यात भारत ३७२ धावांनी जिंकला, हे विसरू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये एजाझ पुन्हा वानखेडेवर आला, सामन्यात ११ बळी घेतले, न्यूझीलंड २५ धावांनी जिंकलं आणि भारत मायदेशी मालिका ३–० अशी हरला. तेव्हा त्या गटांत 'आपला' हा शब्द मला दिसला नाही. माणूस तोच, मैदान तेच, जन्मदाखलाही तोच.

सौरभ नेत्रावळकरची गोष्ट याहून बोलकी आहे. तो २०१० मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजीत उतरला. पुढे फारशी संधी दिसेना. अभियांत्रिकी झाली होती, तो शिकायला अमेरिकेला गेला आणि तिथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत रुळला. ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये त्याने अमेरिकेसाठी सुपर ओव्हर टाकली आणि पाकिस्तान हरलं. एका रात्रीत तो पुन्हा आपला झाला. सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्माला तीन धावांवर बाद केलं, आणि लोकांना प्रश्न पडला की आता टाळी वाजवायची की नाही.

मला वाटतं, वाजवावी. टाळी वाजवल्याने निष्ठा कमी होत नाही. निष्ठा म्हणजे डोळ्यांवर पट्टी नव्हे. आपला संघ जिंकावा असं वाटणं आणि समोरच्याचं कौशल्य मान्य करणं एका मनात सुखाने राहू शकतं. माझी हरकत त्या 'आपला' शब्दाला आहे. ज्याला जागा देता आली नाही, ज्याच्या पडत्या काळात आपण विचारपूस केली नाही, त्याने दुसऱ्या अंगणात नाव काढल्यावर आपण अंगठ्याचा ठसा घेऊन धावतो. हा म्हणजे रस्त्यातून धरून आणलेला भाचा. नेत्रावळकरला उद्या स्वतःला मुंबईचा म्हणवून घ्यावंसं वाटलं तर तो त्याचा हक्क आहे. आपण मात्र त्याच्याकडे अभिमानाने बघावं आणि दावा करू नये.

उलट बाजूही बघायला हवी. रक्ताचं नातं नसताना माणूस आपला होऊ शकतो का? आमच्या तालुक्याला या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. गोदावरी परुळेकर पुण्याच्या, वकिली शिकलेल्या. १९४५ च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची परिषद भरली, वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, आणि पुढची कित्येक वर्षं त्या या पाड्यांतून हिंडल्या, भूमिगत राहिल्या, तुरुंगात गेल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यातून आलं. जन्म, रक्त, जात, बोली, कशानेही त्या इथल्या नव्हत्या. तरी त्या कुणाच्या, असं आमच्या जुन्या माणसांना विचारून बघा. उत्तर द्यायला त्यांना एक क्षणही लागणार नाही.

रग्बीतही अशी माणसं आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४–३२ असं हरवलं; रग्बीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धक्का म्हणून लोक त्याचं नाव घेतात. शेवटचा ट्राय करणारा कार्न हेस्केथ न्यूझीलंडमध्ये जन्मलेला. कर्णधार मायकेल लीचही तिथलाच, आई फिजीची. तो पंधराव्या वर्षी शिकायला जपानला आला आणि तिथलाच झाला. शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून बरोबरी साधता आली असती. जपानने जिंकण्यासाठी खेळायचं ठरवलं. त्या विजयाला जपानी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

मग वापीच्या त्या फलंदाजात आणि लीचमध्ये फरक काय? दोघांकडेही कागद होता. फरक असा की एकाने तिथे आयुष्य घातलं आणि दुसऱ्याने पत्ता घातला. मला तर असं वाटू लागलंय की जन्म, रक्त, वास्तव्य, कागद या चारही गोष्टी कशाच्यातरी खुणा आहेत. ती मूळ गोष्ट म्हणजे हा माणूस आपल्याबरोबर हरायला तयार आहे का. हरण्यात वाटा घेणारा आपला. नियमाला हे मोजता येत नाही, म्हणून नियम दाखले मागतो. दाखले मागणं चूक नाही, पण दाखला म्हणजेच नातं असं समजू नये.

पाणी मारणाऱ्या पोराचा प्रश्न याने सुटत नाही, हे मला माहीत आहे. टोंगाच्या एखाद्या गावात जन्मून तिथेच वाढलेल्या मुलाला, परदेशी क्लबांत तयार झालेला खेळाडू परत आला म्हणून बाहेर बसावं लागत असेल, तर त्याला इतिहासातल्या अन्यायाची परतफेड वगैरे सांगून काय उपयोग? अन्याय त्याच्यावर झाला त्याचं काय? आम्ही त्या बैठकीत शेवटी असं ठरवलं: अकरांत निदान आठ गावात राहणारे हवेत, उरलेल्या तीन जागांसाठी भाच्यांचा विचार होईल, पण जो नोव्हेंबरपासून सुट्टीच्या दिवशी सरावाला येईल त्याचाच. पत्त्यावाल्याला नकार. सिल्वासाचा पोरगा रात्रपाळी करून रविवारी सकाळी येऊ लागला. आमचा पोरगा पहिले दोन सामने बाहेर बसला. त्याचं वाईट वाटलं आणि वाटायलाच हवं. पण त्याची जागा घेणारा विकत आणलेला नव्हता, त्याच्याइतक्याच हक्काने आलेला होता, आणि हे त्यालाही दिसत होतं. पैशाने हिरावलेली जागा आणि बरोबरीच्याने जिंकलेली जागा, दोन्हींत माणूस बाहेरच बसतो; पण पहिल्यात त्याचा अपमान होतो, दुसऱ्यात फक्त हार.

आता बघणाऱ्यांविषयी, म्हणजे माझ्यासारख्यांविषयी. आपल्यापैकी पुष्कळांना लहान संघ जिंकावा असं वाटतं. २०२३ मध्ये फिजीने ऑस्ट्रेलियाला हरवलं तेव्हा मी फोनच्या पडद्यासमोर एकटाच ओरडलो होतो, आणि मला फिजीतलं एक गावही ठाऊक नाही. यात कौतुक करण्यासारखं किती आणि चैन किती? लहान संघाला पाठिंबा देणं फुकट असतं. तो हरला तर आपलं काही जात नाही, जिंकला तर गंमत येते. दयेतून आलेला पाठिंबा सामना संपला की विरतो.

शिवाय लहान म्हणजे कोण, हेही डोक्यांनी मोजता येत नाही. न्यूझीलंडची लोकसंख्या मुंबईपेक्षा कितीतरी कमी, पण रग्बीत तो सावकार आहे. आपण १४० कोटींहून जास्त, आणि क्रिकेटमध्ये जगाचं वेळापत्रक आपल्या सोयीने लागतं; फुटबॉल आणि रग्बीत मात्र आपण रांगेच्या शेवटी. त्याच आपण फुटबॉलमध्ये भारतीय पासपोर्टशिवाय कुणाला खेळू देत नाही. पुणे एफसीचा इझुमी अराता जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. भारताकडून खेळण्यासाठी त्याने २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं आणि पुढच्या वर्षी भारतीय संघात आला. जिंकणाऱ्या देशासाठी कागद बदलणारे पुष्कळ असतात. हा भाचा वरच्या क्रमांकाचा पासपोर्ट टाकून खालच्या क्रमांकाच्या संघात आला, आणि आपल्यापैकी किती जणांना त्याचं नाव आठवतं?

लहानाची बाजू घेणं म्हणजे काय, याचा विचार करताना मला १९४३ चा ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा एक सामना आठवतो, अर्थात वाचलेला. तेव्हा मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर चाले: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि यांपैकी कुणातच न बसणाऱ्यांचा 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते उरलेल्यांत. अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्ट १३३ मध्ये गुंडाळले. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ झाल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. तरीही रेस्ट डावाने हरले. पुढे हेच हजारे भारताचे कर्णधार झाले आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५२ मध्ये भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. ज्या रचनेने त्यांना 'उरलेला' ठरवलं होतं, ती रचना तोवर गेली होती.

लहानाच्या बाजूने असणं म्हणजे मला वाटतं हे: तो जिंकेल म्हणून नव्हे, तर त्याला 'उरलेला' ठरवणारी वाटणी आपल्याला मान्य नाही म्हणून. मग पाठिंबा फिजीच्या एका विजयापाशी थांबत नाही. ऑल ब्लॅक्सना सामोआत जायला इतकी वर्षं का लागली, मोठ्या सामन्यांचा पैसा कुणाच्या तिजोरीत जातो, हेही मग विचारावं लागतं. आणि क्रिकेटमध्ये जिथे आपणच सावकार आहोत, तिथे लहान संघांना आपण किती सामने देतो, हा प्रश्न स्वतःकडे वळवावा लागतो. तो विचारणं देशद्रोह नाही. जयपालसिंग मुंडा हा आदिवासी मुलगा ऑक्सफर्डला शिकत होता, सनदी नोकरीची उमेदवारी करत होता. रजा मिळाली नाही तरी १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भारतीय हॉकी संघाचा कर्णधार म्हणून गेला आणि पुढे ती नोकरी सोडली. हाच माणूस नंतर घटना समितीत उभा राहिला आणि आदिवासींचा जुना हिशोब त्याने देशापुढे वाचला. देशासाठी खेळताना आणि देशाला जाब विचारताना त्याची निष्ठा एकच होती.

उद्या एखादा कोवळा पोरगा सिल्वासाहून, ऑकलंडहून किंवा न्यू जर्सीहून आजोबांच्या गावाचं नाव घेऊन येईल. तो खेळायला चांगला असेलच असं नाही. त्याला दाखला विचारायच्या आधी पाणी विचारावं, एवढंच मला म्हणायचं आहे.